मरामत

तंजावरच्या मोठ्या देवळात शिरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो वजनाचा. सुमारे दोनशे फूट उंचीचे विमान, सगळे ग्रॅनाइटचे, आणि माथ्यावर तो प्रचंड घुमट. हे वर चढवले कसे? वाटाड्याकडे उत्तर तयार असते. काही मैलांवर सारपळ्ळम् नावाचे गाव आहे. तिथपासून मातीचा उतार रचत आणला आणि हत्तींनी दगड ओढत नेले. गावाच्या नावातच परांचीचा अर्थ आहे, हा त्याचा पुरावा. असेलही तसे. पण ज्या भिंतीसमोर उभे राहून तो हे सांगत असतो ती भिंत अक्षरांनी भरलेली असते. जोत्यापासून वर तमिळ ओळींमागून ओळी. इतका बोलका दगड भारतात फार थोड्या ठिकाणी सापडेल. आणि या सगळ्या मजकुरात उतार नाही, हत्ती नाहीत, किती माणसे राबली आणि किती दगडाखाली गेली तेही नाही. आहे तो हिशेब. देऊळ बांधण्याचा नव्हे, देऊळ चालवण्याचा.

हा लेख त्या हिशेबाविषयी आहे, आणि आठशे वर्षांनी याच गावात मराठी माणसांनी ठेवलेल्या दुसऱ्या एका हिशेबाविषयी.

आधी बांधकामाबद्दल जे निश्चित सांगता येते ते सांगून टाकतो. तंजावर कावेरीच्या गाळावर वसले आहे. इथे भात पिकतो, दगड पिकत नाही. विटेला तमिळमध्ये ‘चेंगल्’ म्हणतात, म्हणजे तांबडा दगड. ज्या मुलखात खरा दगड लांबून आणावा लागतो तिथे मातीलाच दगड म्हणायची सोय भाषेने करून ठेवली आहे. राजराज चोळाने मात्र विटेवर भागवले नाही. त्याने तिरुचिरापल्लीच्या बाजूचा कठीण दगड कित्येक कोस आणवला. काम सहा-सात वर्षांत उरकले असावे. राज्यारोहणाच्या पंचविसाव्या वर्षी, दोनशे पंचाहत्तराव्या दिवशी, म्हणजे इ.स. १०१० मध्ये, त्याने विमानावर चढवण्यासाठी सोन्याने मढवलेला तांब्याचा कळस दिला. शिलालेखात दिवस मोजलेला आहे. आजच्या भाषेत ही कामपूर्तीची तारीख.

पण काम पूर्ण झाले होते का? गाभाऱ्याभोवती वरच्या मजल्यावर एक अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. त्याच्या भिंतीत नृत्याची १०८ करणे कोरायची होती. ८१ कोरली गेली. पुढच्या सत्तावीस करणांचे दगड बसवलेले आहेत, आणि कोरे आहेत. कारण कुठेही लिहिलेले नाही. राजा गेला, शिल्पी दुसऱ्या कामावर हलवले गेले, पैसा दुसरीकडे वळला, यांतले काहीही असू शकेल. कोणत्याही मोठ्या इमारतीवर काम केलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. दर्शनी भाग, उद्घाटन, कळस सगळे वेळेवर. आणि आत, जिथे पाहुणा जात नाही तिथे, काम राहून गेलेले.

शिल्पीचे नाव मात्र राहिले आहे. शिलालेखात वीरचोळ कुंजरमल्लन ऊर्फ राजराज पेरुंतच्चन असा उल्लेख येतो. पेरुंतच्चन म्हणजे मोठा सुतार, मुख्य स्थपती. नावात राजाचे नाव गुंफलेले, ही पदवी. मराठी वाचकाला इथे रायगडावरचा हिरोजी इंदुलकर आठवेल. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर त्याने आपले नाव ठेवले, तेही भक्तांच्या पायाखाली. दोघांबद्दल याहून फारसे काही हाती लागत नाही. बांधणारा पायरीवर किंवा यादीत सापडतो, ग्रंथात नाही.

आता हिशेब. राजराजाने आज्ञा केली की आपण दिलेले, आपल्या अक्काने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सारे विमानाच्या दगडावर कोरावे. अक्का म्हणजे कुंदवै. तिचा मान राण्यांच्या आधी. मग दागदागिने येतात, एकेक वजनासह. वजनाचे मापही देवाच्या नावाचे, आडवल्लान्, म्हणजे नाचण्यात निपुण असा तो. चेर आणि पांड्य राजांना हरवून आणलेली संपत्ती त्यात आहे हे लेख लपवत नाही. उलट अभिमानाने सांगतो. लूट होती आणि ती नोंदली गेली.

पण सोन्यापेक्षा मेंढ्या महत्त्वाच्या. देवापुढे एक नंदादीप अखंड जळायचा तर रोज एक उळक्कु तूप लागे. त्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी धनगरांच्या स्वाधीन केल्या जात. मेंढ्या धनगराच्या, दूधही त्याचे, वाढलेला कळपही त्याचा. मात्र तूप रोज देवळात पोचले पाहिजे आणि शहाण्णवचा आकडा कधी खाली येता कामा नये. अशा मेंढ्यांना तमिळ शिलालेखांत न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या म्हटले आहे. कविकल्पना वाटते, पण ही हिशेबाची परिभाषा आहे. भांडवलाला मरण नाही, एवढेच तिला सांगायचे आहे.

रोख रकमेचेही तसेच. देवळाचा पैसा गावसभांना व्याजाने दिला जाई आणि व्याज दरसाल कासूमागे अष्टमांश कासू, म्हणजे साडेबारा टक्के, किंवा तेवढ्या किमतीचे भात. कापूर, वेलची, फुले, नैवेद्य यांचा खर्च त्यातून चाले. पहारेकरी, भांडारी कोणत्या गावाने पाठवायचे तेही ठरलेले. आणि माणसे! दुसऱ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकी, प्रत्येकीचे नाव, रस्ता, घर. प्रत्येकीला एक वाटा, वर्षाला शंभर कलम भात. नट्टुवन, वादक, हिशेबनीस, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सोनार, सुतार. त्यापुढचे कलम मला सर्वांत बोलके वाटते. यांतला कोणी मेला किंवा परगावी गेला तर जवळच्या नातेवाइकाने वाटा घ्यावा आणि काम करावे. नातेवाईक कामाला लायक नसेल तर त्याने लायक माणूस नेमावा. नातेवाईकच नसेल तर त्या त्या पदावरच्या इतरांनी माणूस निवडावा.

सुतार या यादीत आहे हे लक्षात घ्या. देऊळ बांधून झाल्यावर सुतार कशाला? झिजणार, कुजणार, मोडणार हे गृहीत धरले होते म्हणून. आज कंत्राटदाराशी करार करताना दोषदायित्वाचा काळ घातला जातो. एक वर्ष, तीन वर्षे, फार तर पाच. त्यानंतर इमारत मालकाची आणि तिचे दुखणेही मालकाचे. राजराजाच्या दप्तराने तो काळ चंद्रसूर्य असेपर्यंत धरला आणि त्याच्या खर्चाची तरतूद आधीच लावून दिली. ती कोणाच्या मानेवर लावली हेही विसरू नये. चारशे बायकांना कोणी विचारले नव्हते आणि दूरच्या गावांना तंजावरचा पहारा आपल्या माणसांनी भरावा असे आपण होऊन वाटले असेल, असेही नाही. पण तरतूद होती. इमारत उभी राहणे आणि इमारत चालणे हे एकच काम मानले गेले होते.

आता मराठ्यांकडे येऊ. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजी, यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापले, आणि ते १८५५ पर्यंत चालले. याच देवळाच्या आवारात नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात भिंतीवर एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. सरफोजी दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी रचलेले हे भोसल्यांचे वंशचरित्र. १८०३ साली ते कोरून पुरे झाले. आपले लोक तिथे जातात, मराठी अक्षरे पाहून भारावतात, छायाचित्र काढतात. मलाही ते वाचताना छाती भरून आली, हे कबूल करतो. पण तमिळ लेखांकडून या लेखाकडे वळले की फरक जाणवतो. राजराजाने दगडावर मेंढ्या लिहिल्या. आपण पूर्वज लिहिले.

मराठ्यांना हिशेब येत नव्हता असे मात्र मुळीच नाही. तो कागदावर होता, मोडीत. जमाखर्च, पगार, कोठीतले धान्य, देवस्थाने, वाड्याची कामे, रोजच्या रोज. रुमालांत बांधलेली शेकडो दप्तरे. दगड वंशाला आणि कागद खर्चाला, अशी वाटणी झाली. परिणाम असा की वंश प्रवाशालाही वाचता येतो आणि खर्च वाचणारा माणूस शोधावा लागतो.

आणि सरफोजींच्या बाबतीत खर्च हाच खरा इतिहास आहे. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार गेला. हाती राहिले ते तंजावर शहर आणि किल्ला, दरसाल एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. कंपनीच्या दराने लाख होन म्हणजे साडेतीन लाख रुपये. ज्याच्याकडे सैन्य नाही, मुलूख नाही, पण ठरावीक उत्पन्न आहे असा राजा काय करील? सरफोजींनी ग्रंथ जमवले, वैद्यकात लक्ष घातले, छापखाना काढला, आपले गुरू श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक लंडनच्या फ्लॅक्समनकडून करवून घेतले. आणि त्यांनी बांधकामे काढली. राज्य नसलेल्या राजाला राजेपण दाखवायला इमारतीइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. कंपनीला चुन्या-विटांची भीती वाटत नसे.

तहात एक अडचण लपलेली होती. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर मराठा राजांनी आणि राण्यांनी अन्नछत्रे बांधली होती. तमिळमध्ये ‘चत्तिरम्’. काशीहून रामेश्वराला जाणारा यात्रेकरू, मग तो मराठी असो की मारवाडी, या वाटेवरून जाई. नीडामंगलमला प्रतापसिंहांची राणी यमुनांबा हिच्या नावाचे छत्र होते; बरीचशी छत्रे अशीच बायकांच्या नावांनी ओळखली जात. इमारत एक गोष्ट, पण छत्र चाले ते त्याला तोडून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर. ती गावे आता कंपनीच्या कारभाराखाली गेली. इमारती राजाच्या आणि त्यांचे पोट कंपनीच्या हातात, अशी स्थिती झाली.

१८०१ साली सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना याबद्दल पत्र लिहिले. ते पत्र प्रसिद्ध आहे. दयाधर्माचा नमुना म्हणून त्याचा दाखला दिला जातो. मी ते व्यवस्थापनाचा कागद म्हणून वाचतो. ब्राह्मणापासून परय्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही येवो, त्याला शिजवलेला भात. जो दुसऱ्याच्या हातचा शिजवलेला भात खात नाही त्याला कोरडा शिधा आणि मसाला. वाटप मध्यरात्रीपर्यंत. मग घंटा वाजवायची आणि कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे असे पुकारायचे. प्रत्येक छत्रात वेद शिकवणारे, एक पंतोजी, रोग, सूज आणि विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्य. परक्या माणसांची मुले पोरकी झाली तर ती पंतोजीच्या स्वाधीन. त्यांना दिवसातून तीनदा जेवण आणि चौथ्या दिवशी तेल लावून न्हाणे. आजारी प्रवाशाला औषध आणि पथ्य. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर बाई तिथे बाळंत झाली तर खर्च छत्राचा आणि तीन महिने राहण्याची मुभा. कोणी मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे क्रिया.

हे पत्र लिहिणाऱ्याला इमारतीचे कौतुक सांगायचे नव्हते. त्याला उत्पन्न वाचवायचे होते, म्हणून त्याने इमारतीत दिवसभर आणि रात्री काय घडते तेच सांगितले. अर्ज मान्य झाला. छत्रे सरफोजींच्या हाती राहिली. राज्य गेलेल्या राजाने वाटाघाटीत मिळवलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत मोठी वाटते.

पुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, त्यांनी तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडू इथे नवे छत्र उभारले, मुक्तांबाळ छत्र. मुक्तांबा ही त्यांची प्रिय सहचरी. मरताना तिने आपल्या नावाने अन्नछत्र मागितले, अशी परंपरा आहे. जोते दगडाचे आणि त्यावर रथ ओढणारे घोडे-हत्ती कोरलेले. वर विटा, चुना आणि लाकूड. एखाद्या राजवाड्याला शोभेल अशी ही वास्तू आणि तिचा उपयोग वाटसरूला जेवायला घालणे.

विटा-चुन्याचे काम दगडासारखे नसते. ते घाई सहन करत नाही आणि दुर्लक्षही सहन करत नाही. या भागात किनाऱ्यावरचे शिंपले भाजून चुना करत. तो भिजवून मुरवायचा, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे. मद्रासकडची गच्ची करायची तर सागाच्या तुळयांवर पातळ विटा उभ्या कडेवर, तिरक्या रांगांत चुन्यात बसवत. त्यावर विटांच्या खडीचा आणि चुन्याचा थर. आणि मग तो थर लाकडी चोपण्यांनी दिवसेंदिवस चोपायचा, वर गुळाचे-हिरड्याचे पाणी मारत. चोपणी आवाज बदलेपर्यंत थांबायचे नाही. इथे वेळापत्रक चुना ठरवतो, मालक नव्हे. सुकण्याआधी पाऊस गाठला तर गच्ची गेली, म्हणून कामाचा आरंभ पंचांगापेक्षा ईशान्य मोसमी पावसाकडे बघून करावा लागतो. तो या किनाऱ्यावर ऑक्टोबरात येतो. आपल्या जून-जुलैच्या सवयीने चालणारा मराठी माणूस इथे फसला असता. आणि एवढे करूनही दर काही वर्षांनी गच्ची तपासायची, भेगा भरायच्या, गिलाव्यात रुजलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच उपटायचे.

ही शिस्त मराठ्यांना घरचीच होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडबांधणीचा भाग आहे, अठराव्या शतकाच्या आरंभीचा. त्यात आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा, असा क्रम आहे. आंबा-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे तर सर्वांना पाठ आहे. पण तटावर उगवणारी झाडे वरचेवर काढावीत, धान्य-कोठाराला उंदीर, किडे, वाळवी लागू नये अशी भूमी करावी, दारूखाना कुठे असावा, या सूचना कमी उद्धृत होतात. तिथे शौर्य नाही. रोजची राखण आहे.

इथे शब्दांकडे जरा वळतो, कारण तंजावरात शब्दच पुरावे होतात. मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. तेलुगूत ‘गुत्त’, कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’, तमिळमध्ये ‘कुत्तगै’. औरंगाबादच्या गुत्तेदाराला तंजावरच्या शेतमालकाचा खंडाचा करार शब्दाने तरी परका नाही. दुसरा शब्द मरामत. तो अरबी-फारसीतून आला. आपण त्याला डागडुजीच्या अर्थाने वापरतो, आणि तोही आता कमीच. तमिळमध्ये तो ‘मरामत्तु’ होऊन बसला, आणि केरळात तर सार्वजनिक बांधकामाच्या खात्यालाच मरामत खाते म्हणत आले. बांधकाम खाते म्हणजे दुरुस्ती खाते. कावेरीच्या मुलखात ‘कुडिमरामत्तु’ म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या कालव्यांची, तळ्यांची वर्षावर्षाला आपल्या हातांनी करायची दुरुस्ती. ही रीत मोडत चालली तेव्हा मद्रास सरकारने १८५८ चा पहिला कायदा करून तिला सक्तीचे रूप दिले. जे काम रीत म्हणून चाले ते कायद्याने होईना, असाच त्या कायद्याचा एकंदर अनुभव. २०१७ मध्ये तमिळनाडू सरकारने तळी उपसण्याच्या योजनेला पुन्हा हेच नाव दिले.

सरफोजींची आणखी एक इमारत सांगितली पाहिजे, कारण ती छत्राच्या अगदी उलट आहे. पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकाठी मनोरा आहे. षट्कोनी, आठ मजल्यांचा, सुमारे पंचाहत्तर फूट उंच, भोवती खंदक. बोनापार्टचा पाडाव आणि इंग्रजांचा विजय यांच्या स्मरणार्थ तो उभारला, आणि मराठीसह अनेक भाषांतल्या लेखांत तसे कोरले. साल १८१४. नेपोलियन तेव्हा एल्बा बेटावर होता. पुढच्या मार्चमध्ये तो निसटून पॅरिसला परतला आणि वॉटर्लूची लढाई अजून व्हायची होती. स्मारक घटनेच्या थोडे पुढेच धावले. मनोरा देखणा आहे, किनाऱ्यावरून लांबून दिसतो, लोक सुट्टीच्या दिवशी जातात. पण तो कोणाला दाखवायला बांधला हे त्याच्या मजकुरातच आहे. छत्र सरफोजींनी स्वतःसाठी मागून घेतले होते; मनोरा त्यांनी कंपनीला दिला.

१८५५ च्या ऑक्टोबरात सरफोजींचे पुत्र शिवाजी वारले, मागे मुलगा नाही, आणि कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्तेवरही जप्ती आणली. राणी कामाक्षीबाईंचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये निकाल आला की ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. मग १८६२ मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. वाडा वाटला गेला, वाटलेल्या वाड्याची भिंत कोणी चोपायची हा वादाचा विषय झाला, आणि छपरे एकेक करून बसत गेली. वंशाच्या हातात जे परतले ते ढासळले.

छत्रे मात्र सरकारकडेच राहिली आणि पुढे जिल्हा बोर्डाकडे आली. त्यांची गावे, त्यांचे भात, त्यांचे उत्पन्न चालू होते. आगगाडी आल्यावर रामेश्वराचा पायी यात्रेकरू मात्र आटला. पैसा आहे आणि काम उरले नाही, अशा संस्थेचे काय करायचे? तिरुवैयारूला १८८१ मध्ये छत्राच्या पैशातून संस्कृत पाठशाळा निघाली. १९२० च्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विचारले की सगळ्या जातींच्या वाटसरूंसाठी ठेवलेला पैसा एकाच जातीच्या विद्यार्थ्यांकडे का जावा. त्यांच्या काळात ओरत्तनाडूला ब्राह्मणेतर मुलांसाठी वसतिगृह उघडले आणि तिरुवैयारूच्या संस्थेत संस्कृतच्या जोडीला तमिळ आली. मराठा राजाच्या पैशावर द्राविडी चळवळीच्या मुलखातली मुले शिकली. याचा उल्लेख आपल्याकडच्या तंजावरविषयक लेखनात जवळजवळ सापडत नाही. आपल्याला तिथे मराठी बाणा शोधायचा असतो. तो बाणा दुसऱ्यांच्या मुलांना जेवू घालत होता हे आपल्या नजरेतून सुटते. १८०१ च्या पत्रातली ती यादी, ब्राह्मणापासून परय्यापर्यंत, सव्वाशे वर्षांनी अशी उपयोगी पडली.

तरतूद नसलेली बांधकामे कोणती, असा प्रश्न विचारला तर तंजावरचे उत्तर कडू आहे. ७ जून १९९७ रोजी मोठ्या देवळात कुंभाभिषेकाच्या वेळी यज्ञशाळेच्या मांडवाला आग लागली. झावळ्यांचा मांडव, आत गर्दी, बाहेर पडायची वाट अरुंद. चाळीसहून अधिक माणसे गेली. हजार वर्षे उभ्या असलेल्या दगडाला काही झाले नाही. चार दिवसांसाठी उभारलेल्या छपराने माणसे मारली. पुढचा कुंभाभिषेक व्हायला २०२० साल उजाडले. आणि याच जिल्ह्यात कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत दुपारचे जेवण शिजत असताना ठिणगी झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले जळून मेली. ज्या मुलखात अन्नछत्राचे स्वयंपाकघर विटा-चुन्याचे असे, तिथे. आमच्या आजच्या बांधकाम परवानग्यांत इमारतीचा प्रत्येक खांब असतो. मांडव, शेड, ‘तात्पुरते’ छप्पर कागदावर नसतेच. तात्पुरते म्हणजे ज्याचा हिशेब ठेवायचा नाही ते. चोळांच्या यादीत पाणी शिंपडणाराही होता.

मोडी दप्तरे अजून तंजावरात आहेत, सरस्वती महालाच्या संग्रहात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काही भागाचे वाचन करून ते खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केले, तमिळ भाषांतरात. ते काम मोठे आहे आणि ते करणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण गंमत पाहा. भोसल्यांचा वंश मराठीत, दगडावर, फुकट वाचायला मिळतो. त्यांनी कोणत्या कामावर किती गवंडी लावले, चुन्याला काय दिले, छत्राच्या कोठीत किती भात होते, हे मराठी कारकुनांनी मराठीत लिहिले, आणि आज ते छापील वाचायचे तर तमिळ शिकावी लागते. मी शिकतो आहे. ‘मरामत्तु’ हा मला पहिल्याच दिवशी कळलेला शब्द.